24 ची गोटी : गंजलेल्या नटासाठी सॉकेट पाना (प्रकल्प नोंदी)

9 फेब्रुवारी 2025

आज पंप दुरुस्तीवाले मिस्त्री दुकानात आले ते उजव्या हाताला पट्टी बांधून. नदीकाठच्या मोटारीचा फ्लँज (पाईप जोडायची बोल्टची चकती) खोलत होते, पाना सटकला आणि बोटांची हाडं सरळ बीडाच्या कडेवर आपटली. तीन टाके. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठावर पंप चढवण्या-उतरवण्यात गेलेली. मला म्हणाले, "तुमच्याकडं एवढी मशिनं हाईत, एक न सटकणारी गोटी करून द्या की."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं जॉबवर्कचं दुकान. दोन लेथ, एक मिलिंग, एक स्लॉटिंग. वर्षभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम करतो. स्वतःचं म्हणून एक हत्यार करावं ही इच्छा बरीच जुनी. आजपासून वही सुरू करतोय.

मिस्त्री जाताना बोलले ते तसंच उतरवून ठेवतो : "नट गंजानं गोल होत न्हाई. सैल पान्यानं गोल हुतो."

11 फेब्रुवारी

मिस्त्रींकडून काढलेल्या नट-बोल्टांची अर्धी बादली आणली. डिझेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून, व्हर्नियरने एकेक मोजला.

बोलताना सगळे "पाच सुताचा बोल्ट" म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे हा 5/8 इंच. पण बादलीत निघाले तीन वेगळे प्रकार. बहुतेक नट मेट्रिक, एम 16 (म्हणजे 16 मिमी बोल्टचे), समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये 24 मिमी. काही जुन्या व्हिटवर्थ मापाचे, त्यातले काही 25.65 चे आणि दोन तर 27.94 चे. व्हिटवर्थने आपले 55 अंशांचे आटे 1841 मध्ये मांडले, आणि त्या मापाचे बोल्ट आजही नदीकाठी सापडतात. मिस्त्री या सगळ्यांना 24, 27 किंवा 30 चा पाना लावणार, बसेल तो. 25.65 च्या नटाला 27 चा पाना लावला की तो नट पहिल्या झटक्यातच अर्धा मेला.

सगळ्यांसाठी एकच गोटी होणार नाही. सुरुवात 24 पासून, कारण चार इंची नवीन फ्लँजला आठ बोल्ट असतात आणि ते एम 16 चे.

16 फेब्रुवारी

आज कागदावर नीट हिशेब केला. ही नोंद लांबणार, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

24 चा नट म्हणतो तेव्हा तो क्वचितच पुरता 24 असतो. साध्या प्रतीच्या एम 16 ला प्रमाणानुसार 23.16 पर्यंत कमी चालतं. सॉकेट मात्र नेहमी 24 पेक्षा किंचित मोठं करावं लागतं, नाहीतर आत जाणारच नाही. समजा 24.15. तर सॉकेट फिरवल्यावर नटाला टेकायच्या आधी ते साडेचार अंश मोकळंच फिरतं. आणि टेकतं कुठं? नटाच्या कोपऱ्यावर. सपाट बाजू नुसती नावाला असते, सगळा जोर सहा कोपऱ्यांच्या सहा रेघांवर येतो. गंजलेल्या नटाचा कोपरा आधीच भुसभुशीत झालेला असतो. तो दबतो, मोकळीक वाढते, पुढच्या वेळी आणखी दबतो.

बादलीतले सर्वात खराब पण अजून षटकोन ओळखू येतो असे नट निवडले. त्यांची सपाट बाजू 23.1 ची, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात 25.4. कोरा असता तर 26.7 भरला असता. म्हणजे प्रत्येक सपाट बाजूच्या टोकाचा साधारण 1.4 मिमी भाग गेलेला आहे. उरलेला मधला भाग अजून शाबूत आहे, घट्ट आहे, सरळ आहे. पाना तिथंच टेकला पाहिजे.

म्हणून ठरवलं : सॉकेटने नटाला मूळ कोपऱ्यापासून 2 मिमी आत धरायचं. सॉकेटच्या आतल्या प्रत्येक भिंतीला मध्यापासून दोन्ही टोकांकडे 5 अंशांचा उतार द्यायचा आणि कोपरे खोल, गोल मोकळे सोडायचे. सॉकेट फिरलं की तो उतार नटाच्या सपाट बाजूला पट्टीसारखा टेकतो आणि कोपरा हवेत राहतो.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत स्नॅप-ऑनने 1960 च्या दशकातच असं सॉकेट बाजारात आणलं, आज चांगल्या प्रतीची बरीच सॉकेट याच तत्त्वावर असतात. पण ती कोऱ्या नटासाठी आखलेली असतात. मला आपल्या नदीकाठच्या झिजलेल्या नटाचं माप धरून आखायचंय.

18 फेब्रुवारी

फुकट काही मिळत नाही. कोपऱ्यावर धरलं की नटाच्या बाजूच्या मध्यापासून तरफ मिळते 6.67 मिमी. 2 मिमी आत आलो की तीच उरते 4.67. म्हणजे तेवढ्याच पिळासाठी भिंतीवर जवळपास दीडपट रेटा. 1 मीटर पाईपला 25 किलो लावले, म्हणजे 245 न्यूटन-मीटर, तर कोपऱ्यावर प्रत्येक बाजूला सुमारे 620 किलोचा भार आला असता, आता 890 येणार. आणि तोही सहाही बाजू सारख्या टेकल्या तर. गंजक्या नटाला त्या सारख्या कधीच टेकत नाहीत.

हा रेटा भिंतीला बाहेर ढकलतो. गोटी फुटायची भीती नट वाचवण्याच्या प्रयत्नातच वाढते. धातू आणि जाडी दोन्ही जपून निवडावं लागेल.

2 मार्च

किती पिळाला टिकली पाहिजे, यावर अण्णांशी बोलणं झालं. अण्णा आमचे टर्नर, वडिलांच्या वेळेपासून लेथवर. मी म्हटलं 300 न्यूटन-मीटर धरू. ते म्हणाले, "कशावरनं 300? बोल्ट किती घेतोय ते आधी बघा."

बरोबर होतं. बोल्टच्या पुढे पिळ जाऊच शकत नाही, त्याआधी बोल्ट तुटतो. साधा 4.6 प्रतीचा (हा आकडा बोल्टच्या मजबुतीचा) एम 16 आट्यांच्या मुळाशी सुमारे 165 न्यूटन-मीटरला पिळून तुटतो. 8.8 प्रतीचा सुमारे 330 ला. म्हणजे गोटीची अट सोपी झाली : झिजलेल्या नटावरही 330 ला सटकायची नाही, आणि स्वतः 440 पर्यंत फुटायची नाही. नट सुटेल नाहीतर बोल्ट तुटेल, तिसरी गोष्ट होता कामा नये. तिसरी गोष्ट म्हणजे मिस्त्रींचे टाके.

तुटका बोल्ट फ्लँजमधून ठोकून काढता येतो, नवा स्वस्तात मिळतो. गोल झालेला नट म्हणजे छिन्नी, नाहीतर गॅस कटर, आणि नदीकाठी गॅसचा सिलिंडर कोण उतरवणार?

9 मार्च

मापं पक्की केली.

बाहेरचा व्यास 34. पंपाच्या गळ्याला आणि नटाला मध्ये जागाच कमी असते. मिस्त्रींच्या दोन पंपांवर लाकडी ठोकळे तासून बसवून पाहिले, 35 जातो, 36 अडकतो. नटात बसणारा षटकोन 16 मिमी खोल, त्यामागे 18 मिमीचं गोल छिद्र, कारण जुन्या बोल्टांचे आटे नटाबाहेर बोटभर आलेले असतात. डोक्यात अर्धा इंची चौकोन, आरपार. आरपार ठेवण्याचं कारण मिस्त्रींनीच सुचवलं : गोटी नटावर बसवून वरून डिझेल सोडता येतं, ते बरोबर आट्यांवर उतरतं.

आणि डोक्याला बाहेरून 27 चा षटकोन. मिस्त्रींच्या पिशवीत रॅचेट नाही, अर्धा इंची टी हँडल आहे तेही वाकलेलं. पण 24-27 चा रिंग पाना प्रत्येकाकडे असतो. तो 27 च्या बाजूने वर अडकवायचा, पाईप घालायचा, झालं. शिवाय अर्धा इंची चौकोनी दांडा 400 च्या पुढे फार ताणाखाली येतो, बाहेरच्या षटकोनाला ती अडचण नाही.

तोंडाची चॅम्फर काढून टाकली. बाजारातल्या गोटीला तोंडाशी दीड मिमीची उतरती कड असते, नटावर सहज बसावी म्हणून. पण 13 मिमी उंचीच्या नटावर दीड मिमी पकड वाया घालवणं परवडत नाही. आपली गोटी तोंडापासूनच पूर्ण पकडेल.

16 मार्च

धातू : ईएन 19. क्रोम-मॉलिब्डेनमची पोलादी सळी, तुकडा बाजारात सहज मिळतो, झटका सहन करते. चार नग कापले, अण्णांनी बाहेरून टर्न केले, 27 चा षटकोन मिलिंगवर काढला.

आतला षटकोन कसा काढायचा यावर दोन दिवस गेले. वायर कटला (विजेच्या तारेने धातू कापण्याला) तार आरपार लागते आणि आपला षटकोन मागे बंद आहे. स्लॉटिंगवर 5 अंशांचे बारा उतार काढणं म्हणजे सुळावरची पोळी. शेवटी स्पार्क मशीन, जे ठिणग्यांनी इलेक्ट्रोडच्या आकाराचा खड्डा पाडतं. तांब्याचा इलेक्ट्रोड वायर कटवर नेमक्या आकाराचा कापून घेतला, ठिणगीच्या अंतरासाठी दोन्हीकडून 0.1 मिमी लहान. हातात घेतला तर फुलासारखा दिसतो, सहा पाकळ्यांचा, पाकळ्यांची टोकं मात्र टोकदार. (नंतरची भर : ती टोकदार ठेवली ही माझी चूक होती, पण ती पुढच्या रविवारी कळली.)

23 मार्च

पहिली चाचणी. भिंतीला बोल्ट केलेल्या प्लेटवर ईएन 24 चा कडक षटकोनी तुकडा बसवला, त्यावर गोटी, 27 चा पाना, 1 मीटर पाईप, टोकाला टोपली आणि वजनं. कॉम्प्रेसरजवळून सगळ्यांना लांब उभं केलं.

20 किलो, काही नाही. 25, काही नाही. 31 किलोला काच तडकल्यासारखा आवाज आला आणि टोपली खाली.

गोटी कोपऱ्यातून उभी चिरली होती. भिंगाखाली पाहिलं. चीर बरोबर टोकदार कोपऱ्यातून निघालेली, आणि आत सगळीकडे स्पार्कने सोडलेला करडा खडबडीत थर. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला धातू तो, काचेसारखा ठिसूळ असतो, त्यात बारीक तडे आधीच असतात. कडकपणा तपासला तर 54 रॉकवेल (कडकपणाचं माप). हार्डनिंगला पाठवताना मी कार्डावर नुसतं "हार्डन" लिहिलं होतं, टेम्परिंगचं (कडक धातू पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करण्याचं) तापमान लिहिलंच नाही. त्यांनी 200 ला टेम्पर करून दिलं. त्यांचा दोष नाही.

तीन कारणं एकदम सापडली तेव्हा मी तिन्ही एकदम बदलायला निघालो होतो. अण्णा म्हणाले, "एका वेळी एकच बदल कर. न्हाईतर कशानं वाचली ते कळणार न्हाई." नग तीन शिल्लक आहेत, तेवढेच बदल करता येतील.

30 मार्च, गुढीपाडवा

नवा इलेक्ट्रोड आजच आणला, मुहूर्त चांगला. पाकळ्यांची टोकं आता दीड मिमी त्रिज्येची गोल.

6 एप्रिल

दुसरा नग : फक्त कोपरा गोल केला, कडकपणा तोच 54, थर तसाच. 39 किलोला चिरला. म्हणजे एकट्या गोल कोपऱ्याने 31 वरून 39. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

13 एप्रिल

तिसरा नग 450 अंशांना पुन्हा टेम्पर केला, कडकपणा 42 वर आला. कोपरा गोल. थर तसाच ठेवला. 45 किलो, म्हणजे सुमारे 440 न्यूटन-मीटर, दहा मिनिटं टांगून ठेवले. फुटला नाही. पण काढून मोजलं तर तोंडाशी भिंत 0.05 मिमी फाकलेली. कडक होती तेव्हा चिरत होती, आता नरम झाल्यावर फाकते आहे.

चौथा नग अजून फोडायचा नाही. आधी व्यास 34 वरून 35 करायचा, तेवढी जागा पंपावर आहे हे ठोकळ्याने दाखवलेलं आहे. आणि थर काढायचा : स्पार्कचा शेवटचा फेरा कमी करंटवर हळू चालवायचा, मग कोपऱ्यांतून दगडाने घासून घ्यायचं. चौथा नग 34 चाच आहे, म्हणून नवीन सळी कापावी लागेल. हरकत नाही.

27 एप्रिल

पाचवा नग, 35 व्यासाचा, 42 रॉकवेल, कोपरे दगडाने घासलेले. कोपऱ्यात काडी फिरवली तर आता ती खरखरत नाही, सरकते. 45 किलो, दहा मिनिटं, तीनदा. फाकणं मायक्रोमीटरवर दिसत नाही.

मग खरी परीक्षा. बादलीतला तो 23.1 चा झिजका नट बोल्टासकट प्लेटवर वेल्ड केला, म्हणजे तो फिरूच शकत नाही, फक्त सटकू शकतो. आधी बाजारातली साधी बारा कोनांची 24 ची गोटी : 16 किलोला सटकली. तसाच दुसरा नट वेल्ड करून आपली गोटी लावली : 36 किलोला सरकू लागली. सुमारे 350 न्यूटन-मीटर. आपली अट 330 ची होती.

नट काढून उजेडात धरला. प्रत्येक सपाट बाजूवर, कोपऱ्यापासून थोडं आत, दीड मिमी रुंद चकचकीत पट्टी उमटली होती. कोपरे जसेच्या तसे तांबूस, त्यांना स्पर्शही झालेला नव्हता. अण्णांनी नट बराच वेळ फिरवून पाहिला आणि खिशात टाकला.

11 मे

बारा नगांची तयारी. एका इलेक्ट्रोडमध्ये चार नग नीट निघतात, मग पाकळ्या झिजतात आणि पकड कोपऱ्याकडे सरकायला लागते. म्हणून तीन इलेक्ट्रोड. महाग पडतंय. फोर्जिंगची डाय केली तर स्वस्त होईल, पण त्यासाठी शेकड्यांची मागणी लागते. सध्या बारा पुरे.

ब्लॅकोडायझिंग (गंज रोखणारा काळा थर) करून घेतलं. क्रोम प्लेटिंग नको, त्याची साल निघाली की कडा हात कापते.

मिस्त्री जूनच्या पहिल्या आठवड्यात मोटारी काढायला सुरुवात करतात. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर काठावर मोटार ठेवायची हिंमत कुणी करत नाही. तोवर होऊन जाईल.

22 मे

पाऊस कोसळतोय, मे महिन्यात. मिस्त्रींचे फोन सकाळपासून तीन. सात गोट्या तयार होत्या, त्या तशाच पाठवल्या. बाकीच्यांचं घासणं रात्री बसून आम्ही दोघांनी उरकलं.

26 मे

मान्सून काल तळकोकणात पोचला. इतक्या लवकर मला तरी आठवत नाही. नदीला गढूळ पाणी, काठावर लोकांची धावपळ.

सकाळी सहाला मिस्त्रींबरोबर गेलो. चिखलात पाय घोट्यापर्यंत, वरून रिमझिम, चार इंची फ्लँजचे आठ नट, चार पावसाळे खाल्लेले. नटांवर गंजाचे पापुद्रे, आधी छिन्नीने ते उडवले, कारण आपली गोटी बिनचॅम्फरची, घाणीवर बसत नाही. ही तिची खोड आहे, ती मान्य करावी लागेल. दोन हातोड्यांत ती नटावर पक्की बसली. वरून डिझेल. मिस्त्रींनी 27 चा रिंग पाना अडकवला, पाईप घातला आणि सवयीने डावा हात फ्लँजपासून लांब घेतला.

पहिला नट कुरकुरत फिरला. दुसरा, तिसरा. चौथ्याला पाईप वाकायला लागला, मिस्त्री थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामा, रेटा." फट्कन आवाज आला. मी डोळे मिटले. उघडले तर बोल्ट तुटून नटासकट गोटीत बसला होता, आणि मिस्त्रींचा हात जिथं होता तिथंच.

आठांपैकी सहा सुटले, दोन तुटले, एकही गोल झाला नाही. पंधरा मिनिटं. पंप ट्रॉलीत चढवला तेव्हा पाणी फूटभर खालीच होतं. मिस्त्री म्हणाले, "तुटला तरी चालतंय. गोल होऊन बसला असता तर आज मोटार गेली होती."

8 जून

बारापैकी अकरा गोट्या परत तपासायला आल्या, बारावी नदीत पडली. भिंगाखाली चीर कुठंच नाही. दोन नगांत आतले उतार तोंडाशी किंचित गोल झालेत, दोन्ही हातोडीचा जास्त मार खाल्लेले. डोक्यावर ठोकायचं नाही हे सांगून उपयोग नाही, ठोकणारच. पुढच्या खेपेला डोक्याची कड गोल करायची आणि 27 चा षटकोन 2 मिमी खाली घ्यायचा, म्हणजे मार षटकोनाला लागणार नाही.

मिस्त्री आज नवी बादली घेऊन आले. सहा इंची फ्लँजचे नट, एम 20, 30 चे. शिवाय तळात तीन-चार जुने व्हिटवर्थही दिसतायत. बादली डिझेलमध्ये भिजत ठेवलीय, उद्या मोजणार.